पाण्याखालचे अभयारण्य

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "सिल्लोडात बसून समुद्राची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगरांलगतचा, पिके मका-कापसाची, आणि उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहणे हे आपल्या अंगवळणी पडलेले. परंतु हल्ली दिवाळीच्या सुटीत इथल्या कितीतरी घरांतील मंडळी कोकणात जाऊन येतात. मालवणहून परतलेले सांगतात की किल्ला पाहिला, सुरमई खाल्ली, पाण्यात डोके घालून रंगीत मासे पाहिले. आपण एका अभयारण्यात जाऊन आलो, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. पहिल्या खेपेस आम्हांसही ते ठाऊक नव्हते.

याला कारण आहे. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गौताळा उभे राहते: चौकी, फाटक, झाडी आणि झाडीत कुठेतरी दडलेला बिबट्या. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे गौताळ्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. त्यातही गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरांच्या थोडा वर, आणि त्या गाभ्यातच सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचे बेट येते. म्हणजे १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, त्याच्या तटाला लागून हे अभयारण्य आहे. तिथे कुंपण नाही, कारण लाटेला कुंपण घालता येत नाही. अरण्यही नाही. आणि ज्यांना अभय द्यायचे ते प्राणी प्रथमदर्शनी प्राणी वाटतच नाहीत, दगड वाटतात.

हे दगड म्हणजे प्रवाळ. प्रवाळ म्हटले की आपल्याला मंगळासाठी अंगठीत घालायचे पोवळे आठवते. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, फार जुन्या काळापासून व्यापाऱ्यांनी इकडे आणलेले. मालवणची प्रवाळे त्या जातीची नव्हेत. ती तपकिरी, हिरवट, पिवळसर असतात. कोणी गोळ्यासारखी, कोणी पसरट द्रोणासारखी. गोळा एक दिसतो, पण त्यावर शेकडो, हजारो इवलेसे जीव शेजारी शेजारी राहत असतात. प्रत्येकाचे शरीर मऊ पिशवीसारखे, तोंडाभोवती बारीक सोंडांचे कडे. समुद्राच्या पाण्यातून घेतलेल्या द्रव्यांनी हा जीव आपल्याखाली चुन्याची बैठक रचतो. पिढ्या जातात, बैठकीवर बैठक चढते. गोलसर जातीची प्रवाळे वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा परातीएवढा गोळा व्हायला पंधरा-वीस वर्षे सहज लागावीत.

याहून नवलाची गोष्ट त्यांच्या पोटापाण्याची. या जीवाच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहते, आणि दोघांचा व्यवहार आपल्याकडील बटईच्या शेतीसारखा आहे. जागा आणि खत प्रवाळाचे, उन्हावर अन्न पिकवण्याचे काम शैवालाचे, आणि पिकातला मोठा वाटा प्रवाळाला. म्हणून उथळ, स्वच्छ, उजेड पोचणारे पाणी त्यांना हवे. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळे असतो. मात्र हा करार नाजूक आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की करार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. त्या क्षणी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाहीतर संपतो. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत असे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि २०२४ साली शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा तसेच जगव्यापी संकट जाहीर केले.

समुद्राचे तापणे मालवणच्या हाती नाही, सिल्लोडच्या तर नाहीच. पण प्रवाळावर दुसरे संकट येते ते आपल्या पायांनी. आम्ही डोळ्यांवर काचेचा चष्मा आणि तोंडात नळी लावून किल्ल्यामागच्या खडकांजवळ पाण्यात उतरलो. पोहणे विहिरीतले. लाट आली तसे घाबरलो आणि आधारासाठी पाय खाली सोडले. बरोबरच्या तांडेलाने दंड धरून वर ओढले आणि म्हणाला, "पाय टेकू नकात हां, ता जिवंत आसा!" त्या एका वाक्याने आमचे जेवढे शिक्षण झाले तेवढे नंतर वाचलेल्या पुस्तकांनी झाले नाही. पावलाने वरचा मऊ थर चिरडतो, नावेच्या नांगराने गोळाच्या गोळा उखडतो. नांगर न टाकता कायम तरंगत ठेवलेल्या पिंपाला नाव बांधणे हा त्यावरचा साधा उपाय. खडक घडवणाऱ्या प्रवाळांना २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसले. वाघावर कोणी पाय ठेवीत नाही, एवढाच फरक.

याच तांडेलाकडून आम्ही दुसरी बाजूही ऐकली, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९८७ पासून इथल्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध आहे. किनाऱ्यावरून सारा गाव मिळून रापण ओढायची, तीत आलेल्या मासळीचे वाटे करायचे, ही त्यांची रीत पिढ्यांची. अभयारण्य आले की आपलीच जाळी बंद होतील ही त्यांची धास्ती. खोल समुद्रातले यांत्रिक जाळ्यांचे ट्रॉलर मासळी ओरबाडून नेतात ते वेगळेच, आणि त्यांच्याशीही यांचे जुने भांडण आहे. या विरोधामुळे अभयारण्य पुष्कळसे कागदावरच राहिले. आमचे मत विचाराल तर मच्छीमाराची धास्ती खोटी नाही. प्रवाळांच्या कपारींत माशांची पिल्ले वाढतात हे त्याला आपल्याहून आधी कळते. आज त्याचीच मुले प्रवाशांना पाणी दाखवून चार पैसे मिळवतात. त्याला दूर ठेवून तिथे काय राखले जाणार, हे आम्हांस तरी उमगत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. रेल्वेने कुडाळ गाठावे, तेथून मालवण तासाभराच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि पाणी गढूळ. पाणी निवळ हवे तर हिवाळ्यात जावे. पोहता येत नसेल तर तसे आधी सांगावे, लाजू नये. माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत, आणि शंख-प्रवाळांचे तुकडे खिशात घालून आणू नयेत.

परतताना होडीत तांडेलाने आमचे गाव विचारले. अजिंठ्याजवळ म्हणताच त्याने लेण्यांविषयी काही विचारले नाही. २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत एक वाघ गौताळ्यात आल्याचे त्याच्या कानांवर होते. तो तुम्ही पाहिलात काय, म्हणाला. आम्ही म्हटले, नाही बुवा, आम्ही गौताळ्यात गेलो ते धबधबा पाहायला.