खर्जाची पेटी हलकी कशी करावी?

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो. येथून एक फाटा देवगडला जातो, आणि जवळच कोकण रेल्वेचे नांदगाव रोड हे स्थानक आहे. समजा, येथल्या चार मुलांनी गणपतीच्या दिवसांत वाजवण्यासाठी ऑर्केस्ट्रा उभा केला. ढोलकी आली, कीबोर्ड आला आणि एकाने जुनी बास गिटार मिळवली. गिटार खांद्याला अडकवून रेल्वेत चढता येते. पण तिचा आवाज बाहेर काढणारी ध्वनिक्षेपकाची पेटी उचलायला दोघे लागतात, आणि गाडी काही त्यांच्यासाठी थांबून राहत नाही! शिवाय गाठीला पैसे मोजकेच. पेटी स्वस्त हवी, हलकी हवी आणि तिच्यातून खर्जही निघायला हवा. असे होऊ शकेल काय?

गंमत अशी की, बास गिटारचा जन्मच ओझे टाळण्याच्या खटपटीतून झाला. पूर्वी खर्जासाठी माणसाहून उंच असे कॉन्ट्राबास हे तंतुवाद्य लागे. १९५१ साली अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारी, गळ्यात अडकवता येणारी बास गिटार बाजारात आणली. वाद्य हलके झाले खरे, पण त्याचा जडपणा पेटीत जाऊन बसला.

तो का बसला, हे आधी पाहू. बास गिटारच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे तिची कंप्रता ४१ हर्ट्झ आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरा. ३४५ ला ४१ ने भागले की तरंगलांबी मिळते सुमारे ८.४ मीटर. एवढी लांब लाट, आणि ती उठवायची वीतभर रुंदीच्या कागदी शंकूने!

आता एक प्रयोग करा. मोडक्या रेडिओतला ध्वनिक्षेपक सोडवून घ्या आणि तो लांब तारांनी चालू रेडिओला जोडा. हातात उघडा धरला तर आवाज चिरका, पोकळ येतो. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या तोंडाएवढे भोक पाडून त्यावर तो दाबून धरा. आवाज एकदम भरदार होईल. असे का? शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. लाट लांब असल्याने पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्हींची वजाबाकी होते. पुठ्ठा ही वाट अडवतो. पेटीचे पहिले काम हेच. पेटी म्हणजे चारही बाजूंनी मागे दुमडलेला पुठ्ठाच म्हणा ना.

पण पेटी बंद केली की आतली हवा स्प्रिंगसारखी वागू लागते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा, म्हणजे ही स्प्रिंग हाताला जाणवेल. पेटी जितकी लहान तितकी स्प्रिंग कडक, आणि स्प्रिंग कडक झाली की शंकूची नैसर्गिक कंप्रता वर चढते. एखादा ध्वनिक्षेपक उघडा असताना ४५ हर्ट्झला डोलतो आणि त्याच्या स्वतःच्या लवचीकपणाला ९० लिटर हवेची बरोबरी आहे, असे धरू. त्याला ९० लिटरच्या बंद पेटीत बसवले तर कंप्रता ४५ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे ६४ हर्ट्झ होते. ३० लिटरच्या पेटीत बसवले तर ती थेट ९० हर्ट्झवर जाते. म्हणजे पेटी लहान केली आणि खर्ज गेला!

यावर तोड म्हणजे पेटीला भोक ठेवून त्यात नळी बसवणे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमा आवाज येतो, त्याचाच हा उपयोग. नळीतली हवा हे वजन आणि पेटीतली हवा ही स्प्रिंग. ६० लिटरच्या पेटीत १० सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची नळी बसवली, तर हे अनुस्पंदन ४७ हर्ट्झच्या आसपास येते. (नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही तिच्याबरोबर हलते, म्हणून हिशेबात लांबी १८ सेंटिमीटर धरावी लागते.) तेथे शंकू फारसा हलत नाही, नळीच बहुतेक आवाज काढते. मात्र त्याखाली शंकूला कोणाचाच आधार उरत नाही आणि तो भलताच हेलकावू लागतो. अशा पेटीवर खर्जाचे बटण पूर्ण फिरवणारा वादक ध्वनिक्षेपक फाडून ठेवतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी या सगळ्याचे पद्धतशीर गणित मांडले. आज चांगल्या ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकात त्यांच्याच नावाचे आकडे छापलेले असतात. दुकानदाराने ते दाखवले नाहीत, तर मी तरी ती वस्तू घेणार नाही.

या गणिताचा एक निष्ठुर निष्कर्ष आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. पेटीचे घनफळ निम्मे केले आणि खर्ज तेवढाच हवा असेल तर कार्यक्षमता निम्मी होते. पेटी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर ती आठव्या हिश्श्यावर येते. मुळात ध्वनिक्षेपक विजेचा जेमतेम एक ते तीन टक्के भाग ध्वनीत बदलतो. बाकीच्या उष्णतेने वेटोळे तापते.

सुदैवाने आपला कान मदतीला येतो. तार ४१ ला कंप पावताना ८२, १२३, १६४ हर्ट्झचे उपस्वरही देते, आणि ते ऐकून मेंदू मूळ स्वर ताडतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झखालचे जवळजवळ काहीच येत नसे, तरी वडिलांचा घोगरा आवाज ओळखू येईच. १९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने दहा इंची आठ ध्वनिक्षेपकांची जी प्रसिद्ध पेटी काढली, तिचा जोरही ४१ हर्ट्झच्या बऱ्याच वर संपतो. पण तिचे वजन साठ किलोंहून अधिक! तेव्हा बास गिटारसाठी ५०-६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारी पेटी पुरे. त्याखालच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नका.

आता वजनाकडे वळू. ५० × ४० × ४० सेंटिमीटरच्या पेटीला सुमारे १.१ चौरस मीटर फळी लागते. १८ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या प्लायवुडचे हे खोके १३ किलोंच्या आसपास भरते. हेच पॉपलरसारख्या हलक्या लाकडाच्या १२ मिलिमीटर प्लायवुडचे केले तर ६ किलो. पण पातळ फळी थरथरेल ना? होय, आणि उपाय स्वस्त आहे. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी धरून छेडा. बाहेरची लांबी निम्मी केली की कंपने चौपट होतात. चौरस फळीला आतून मधोमध एकच भक्कम आडवी पट्टी चिकटवली, तर तिची कंप्रता सुमारे अडीचपट होते. जाडी दोन-तृतीयांश केल्याने ती दोन-तृतीयांश होते. म्हणजे पट्ट्या लावलेली पातळ फळी नुसत्या जाड फळीपेक्षा सरसच ठरते, आणि वजन वाढते ते किलोभर. ठोकून पाहिल्यावर पेटी डबा वाजवल्यासारखी घुमली, तर आत पट्ट्या नाहीत असे खुशाल समजा.

लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी सर्वांत स्वस्त, पण ती जडही असते आणि कोकणच्या पावसात तिचे कोपरे फुगतात. मग जोड सुटतात, हवा गळते आणि आधीचे सगळे गणित वाया जाते. प्लायवुड घेताना त्यावर आय.एस. ३०३ चा पाणी सोसणाऱ्या प्रतीचा शिक्का पाहावा.

दुसरे ओझे चुंबकाचे. फेराइटच्या जागी निओडिमियमचा चुंबक वापरला तर ध्वनिक्षेपकाचे वजन पुष्कळदा निम्म्यावर येते. हा चुंबक १९८०च्या दशकाच्या आरंभी जपान आणि अमेरिका येथे स्वतंत्रपणे शोधला गेला. तो महाग आहे, आणि साध्या प्रतीचा असेल तर ८० अंशांपलीकडे तापल्यावर कायमचा क्षीण होऊ लागतो. पैसे थोडे असतील तर आधी लाकडात वजन वाचवावे, चुंबकाचा विचार मागाहून.

आमच्या मुलांना मी एक मोठी पेटी घेण्याऐवजी बारा इंची ध्वनिक्षेपकाच्या दोन सारख्या पेट्या सुचवीन. एकेका हातात एकेक येते. लहान खोलीत एकच पुरते, मंडपात दोन्ही लावाव्यात. एकमेकींना चिकटून ठेवल्या की लांब लाटेला त्या एकच मोठा शंकू वाटतात आणि खर्ज अधिक भरतो. जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवल्या तर आणखी भरतो, आणि त्याला पैसाही लागत नाही. मात्र ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यावर ४ ओहम होतात. तेवढे आपल्या ॲम्प्लिफायरला चालते की नाही, हे त्याच्या पाठीमागे वाचून घ्यावे.

आणि दोन्ही शंकू एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर पुठ्ठ्याच्या प्रयोगातली तीच वजाबाकी पुन्हा सुरू होते. याची परीक्षा सोपी आहे. दीड व्होल्टचा घट घ्या, ॲम्प्लिफायर काढून ठेवा आणि घटाचे धन टोक लाल खुणेच्या तारेला क्षणभर टेकवा. शंकू किंचित बाहेर येतो. दुसऱ्या पेटीचा आत गेला, तर तिच्या दोन तारांची अदलाबदल करायची.