कुत्र्याची पोटफुगी

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे, प्रवरेच्या काठी, १९७४ साली जी चार धातुशिल्पे भूमीतून वर आली, त्यांत हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या जोडीला दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, आणि त्या रथाच्या दांडीवर, सारथ्याच्या पुढ्यात, एक कुत्रा उभा आहे. माणूस, बैल आणि कुत्रा यांची ही सोबत नगर जिल्ह्यात आजही तुटलेली नाही. पारनेरच्या माळावर धनगराच्या वाड्यापाशी, संगमनेर-राहुरीकडील गोठ्यांच्या दारात आणि ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीखाली तोच इमानी प्राणी दिसतो. परंतु बैलाचे पोट फुगले की रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे धाव घेणारा शेतकरी कुत्र्याचे पोट गुरगुरू लागले, तर ‘काहीबाही खाल्लं असेल, जिरेल’ असे म्हणून स्वस्थ राहतो. ही हयगय निष्ठुरपणाची खचित नव्हे. त्या पोटाचा व्यवहार त्याला कोणी उलगडून सांगितलेला नसतो.

वायू पोटात येतो तो दोन वाटांनी. दुसऱ्या कुत्र्याच्या धास्तीने बकाबका गिळताना घासाबरोबर हवाही आत जाते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत हे अधिकच घडते. दुसरी वाट मोठ्या आतड्याची: लहान आतड्यात जे पचले नाही ते पुढे सरकते, तेथील सूक्ष्म जंतू ते आंबवतात, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू निर्माण होतात, दुर्गंधी मात्र अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंची असते. तेव्हा थोडा वायू सरणे ही प्रकृती आहे, विकृती नव्हे.

भाकरीला उगाच दोष देऊ नये. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या धान्यावर जगण्याची सिद्धता त्याने अशी रक्तातच केली आहे. नुसत्या भाकरीने त्याचे पोषण पूर्ण होत नाही हे खरे, पण पोटफुगीचे मूळ बहुधा अन्यत्र असते.

ते मूळ, माझ्या मते, आपल्या मायेतच आहे. आपला जिल्हा दुधाचा. धार काढून झाली की भांडेभर दूध कुत्र्यापुढे ओतण्यात कोणालाच वावगे वाटत नाही. परंतु पिलू अंगावर पिण्याचे सुटले, की दुधातील शर्करा पचवणारा विकर पुष्कळ कुत्र्यांत उतरत जातो. न पचलेली शर्करा आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते, आणि वायू व जुलाब दोन्ही सुरू होतात. पोळ्याचा दिवस तर अधिक जोखमीचा. पुरणातील हरभऱ्याच्या डाळीत अशा शर्करा असतात की ज्या माणसालाही पचत नाहीत. त्यावर तुपाची धार, आणि येळवणीच्या आमटीत वाटून घातलेला कांदा-लसूण, जो कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. अतिस्निग्ध घासाने स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रा गंभीर आजारी पडू शकतो. ज्याने वर्षभर गोठा राखला त्याला सणाचा घास द्यावा ही भावना थोर आहे. तो घास साध्या, बिनमिठाच्या, हाडे काढलेल्या उकडलेल्या मांसाचा असावा, एवढीच माझी विनंती आहे. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात, म्हणून तीही वर्ज्य.

इलाजाचा आरंभ औषधाने नव्हे, नोंदीने करावा. आठवडाभर कुत्र्याने काय खाल्ले हे लिहून ठेवावे, आणि मग एका वेळी एकच पदार्थ बंद करून फरक पाहावा. एकदाच पोटभर न घालता दोन-तीन वेळा विभागून द्यावे. अनेक कुत्री असल्यास प्रत्येकाची थाळी दूर ठेवावी. हावरेपणाने गिळणाऱ्याच्या थाळीत, गिळता येणार नाही असा मोठा स्वच्छ गोटा ठेवला, तर तो आपोआप सावकाश खातो. अन्न बदलायचे ते सात-दहा दिवसांत, हळूहळू. जंतांचे औषध वेळेवर द्यावे. साध्या जुलाबात मोठ्या कुत्र्याला मऊ भात आणि उकडलेली कोंबडी एक-दोन दिवस पुरते, पाणी मात्र सदैव समोर असावे. पिलाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले, तर तो पार्वो हा विषाणूजन्य आजार असू शकतो. तेथे घरगुती उपायात एक तासही दवडू नये. घरातील पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन तर कदापि देऊ नये.

आणि एक पोटफुगी अशी आहे की जिला पोटफुगी समजणेच घातक. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेते. पोट नगाऱ्यासारखे ताठ होते, कुत्रा वारंवार ओकारीचा प्रयत्न करतो पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, त्याला कोठेच बसवत नाही. पिळामुळे रक्तप्रवाह अडतो आणि काही तासांत प्राण जातो. शस्त्रक्रियेखेरीज गत्यंतर नसते. म्हणून ज्यांच्या दारी असा कुत्रा आहे, त्यांनी गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवावा, आणि अशी शस्त्रक्रिया रात्री कोठे होऊ शकेल हेही त्यांना आधीच विचारून घ्यावे.