शनिवार-रविवारची भटकंती आणि झोपेची उधारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी विद्यापीठात इंटर्नशिपला जाणे आता नागपूरकरांना नवे राहिलेले नाही. जर्मनीतील ‘डाड’ ही संस्था भारतीय विद्यार्थ्यांना ‘वाइज’ शिष्यवृत्ती देते, कॅनडात ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’मधून बारा आठवड्यांचे संशोधनाचे काम मिळते. इथे पारा पंचेचाळीसकडे सरकत असताना आपली मुले तिकडे जाकीट घालून प्रयोगशाळेत शिरतात. निघण्याआधी आई-वडील डॉक्टरांना थंडीचे, जेवणाचे, सर्दी-तापाच्या गोळ्यांचे प्रश्न विचारतात. शनिवार-रविवारबद्दल मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक मुलांची प्रकृती बिघडते ती बहुधा त्या दोन दिवसांच्या धावपळीत.

हिशेब साधा असतो. दहा-बारा आठवडे म्हणजे दहा-बारा ‘वीकेंड’, आणि तेवढ्यात युरोप पाहायचा. जर्मनीत मे २०२३ पासून महिनाभराचा एकच पास घेऊन देशभरातल्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांत फिरता येते. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ युरोंचा झाला. या गाड्या जलद नसतात, त्यामुळे पैसे वाचतात आणि तास जातात. सीमेपलीकडे जायचे तर रात्रीची बस, म्हणजे हॉटेलचे भाडेही वाचते.

असाच एक वीकेंड डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी काम संपवून फ्रँकफर्टहून रात्रीची बस पकडायची, शनिवारी सकाळी पॅरिस. लूव्र संग्रहालय, नोत्र दाम, सेन नदीतली बोट, रात्री आयफेल टॉवरची रोषणाई. एक वाजता आठ-दहा खाटांच्या हॉस्टेलमध्ये पाठ टेकायची. रविवारी व्हर्सायचा राजवाडा आणि रात्री परतीची बस. सोमवारी सकाळी पाठीवरच्या बॅगेसह थेट प्रयोगशाळेत. बसमध्ये तुटक चार-चार तास आणि हॉस्टेलमध्ये पाच तास धरले, तर तीन रात्रींची झोप भरते तेरा तास. या वयात किमान एकवीस हवी. म्हणजे आठ तासांची उधारी.

उजेडाचा फसवा खेळ

जूनमध्ये नागपुरात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. पॅरिसमध्ये त्याच दिवसांत मावळायला दहा वाजतात. रोषणाई पाहायची तर अंधाराची वाट पाहणे आलेच. आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ असते आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते. अंधार पडू लागला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. उजेड लांबला की ही वर्दीही लांबते. त्यामुळे विद्यार्थ्याला अकरा वाजताही ताजेतवाने वाटते. शरीरातल्या या घड्याळामागची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आठवडाभर अकराला झोपायचे आणि शनिवारी दोनला, यातून जो गोंधळ होतो त्याला म्युनिकच्या टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. विमानात न बसताही शरीर दर आठवड्याला दोन-तीन तास पश्चिमेला जाऊन परत येते.

मला काही होत नाही!

रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचे असेल. झोपेच्या उधारीचा खरा धोका त्यातच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना सलग चौदा दिवस रोज सहा किंवा चारच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग इतका घसरला, की जणू एक-दोन रात्री ते अजिबात झोपलेच नव्हते. त्यांना स्वतःला मात्र आपण जरासेच पेंगुळलो आहोत असे वाटत होते. थकलेला मेंदू स्वतःचा थकवा नीट मोजू शकत नाही.

म्हणून सोमवारची सकाळ जपायला हवी. विद्रावके, आम्ले, लेसर, फिरती यंत्रे यांच्याजवळ अर्धा सेकंदही महाग पडतो. त्याहून मोठा धोका रविवारच्या रात्री असतो. चार-पाच मित्र भाड्याने गाडी घेतात आणि दिवसभर भटकून रात्री परततात. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी खालावते, असे प्रयोगांत दिसले आहे. समृद्धी महामार्गावर रात्री गाडी हाकलेल्यांना सरळसोट रस्त्यावरची डुलकी समजावून सांगायला नको. युरोपात बस-ट्रकच्या व्यावसायिक चालकालाही साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे. मग हौशी चालकाने आठ तास सलग का चालवावे? खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे यांनी झोप टळत नाही. गाडी थांबवून वीस मिनिटे डोळे मिटणे आणि कॉफी घेणे याने थोडा वेळ निभावते. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे रात्र तिथेच काढणे.

पुढच्या शनिवारी भरपूर झोपून उधारी फेडू, हा हिशेबही पुरता जुळत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना आठवडाभर कमी आणि शनिवार-रविवारी हवे तितके झोपू दिले. पुन्हा कमी झोपेचा आठवडा सुरू होताच त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडलेलाच आढळला, आणि रात्रीच्या जेवणानंतरचे खाणेही वाढले. दोन दिवसांच्या झोपेने बरे वाटते, पण सगळी भरपाई होत नाही.

विदर्भातल्या मुलांसाठी खास

स्वित्झर्लंडचे युंगफ्राऊयोख हे रेल्वेस्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे, जर्मनीतले त्सुगश्पित्झ शिखर २,९६२ मीटर. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. गाडीत बसून काही तासांत तिथे पोहोचता येते, पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर फोटो सोडून खाली उतरावे.

आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांना उंचीवरचा कमी प्राणवायू, थंडी आणि पाणी कमी पिणे या तिन्हींमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा सहली ठरवू नयेत. ‘एएस’ म्हणजे वाहक एरवी निरोगीच असतात, मात्र खूप उंचीवर त्यांच्याही प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. डाव्या बरगड्यांखाली अचानक दुखू लागले तर ताबडतोब खाली उतरून रुग्णालय गाठावे आणि तिथल्या डॉक्टरांना ‘मी सिकलसेल वाहक आहे’ हे आधी सांगावे. तिथे ही शंका सहजी कुणाच्या मनात येणार नाही. तपासणी सरकारी रुग्णालयांत होते. ती निघण्यापूर्वी करून अहवाल मोबाइलमध्ये ठेवावा.

लक्षात ठेवा

- महिन्यात एखादाच वीकेंड रात्रीच्या बसचा ठेवा. बाकीच्या वेळी दोन-तीन तासांच्या अंतरातले एकच गाव निवडा आणि रात्री नीट झोपा.
- रविवारी संध्याकाळी सातपर्यंत खोलीवर पोहोचा. सोमवारी सुट्टी असेल तरच लांबची सहल आखा.
- दुपारी तीननंतर कॉफी टाळा. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनीही शरीरात असते.
- बस, गाडी किंवा विमानात चार तासांहून जास्त बसल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमीच असतो, तरी अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. एकाच पायाला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका.
- दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रियाच्या जंगलात फिरल्यावर पाय, काख, मानेवर गोचीड आहे का ते पाहा. चिमट्याने सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा.
- जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. औषधांची दुकाने पाळीपाळीने उघडी राहतात, त्यांची नावे बंद दुकानाच्या दारावर लावलेली असतात. नेहमीची औषधे चिठ्ठीसह सोबत ठेवा.
- तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११. तातडीचे नसेल, पण दवाखाने बंद असतील, तर जर्मनीत ११६११७.

घरच्यांसाठी एकच विनंती आहे. व्हॉट्सॲपवर दिवसभरात आठ ठिकाणांचे फोटो आले की आपण कौतुकाने ‘अजून काय पाहिलं?’ असे विचारतो. त्यासोबत ‘काल किती तास झोपलीस?’ हेही विचारा. आयफेल टॉवर १८८९ पासून उभा आहे आणि पुढच्या वर्षीही तिथेच असेल. रविवारच्या रात्री स्टीअरिंगवर मान टेकली, तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.