पत्त्याची ताकद कुठे असते?

ब्रिजमध्ये एक्क्याचं मोल पत्ते पिसायच्या आधीच ठरलेलं असतं. आता असा खेळ डोळ्यांपुढे आणा, ज्यात वेगवेगळे पत्ते २५ हजारांहून जास्त आहेत, जवळजवळ प्रत्येकावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला आहे आणि दर काही महिन्यांनी शेकडो पत्त्यांचा नवा संच येऊन पडतो. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाने १९९३ साली लोकांपुढे आणलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा तो खेळ. यात कुठल्या पत्त्याचं मोल किती, हे कुणीही आधी सांगून ठेवलेलं नसतं. खेळणाऱ्यांनी ते शोधायचं असतं, तेही घाईघाईत.

ही घाई सगळ्यांत जास्त जाणवते ती ‘लिमिटेड’ प्रकारच्या स्पर्धांत. घरून सजवून आणलेला कॅट तिथे चालत नाही. त्यातल्या ‘ड्राफ्ट’मध्ये आठ जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. पाकीट फोडायचं, एक पत्ता ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे. तोवर दुसऱ्या बाजूने एक पाकीट आलेलं असतं, त्यातला एक पत्ता कुणीतरी आधीच उचललेला. पाकिटं अनेक वर्षं १५ पत्त्यांची होती. त्या हिशेबाने टेबलावर एकूण ३६० पत्ते उतरतात. त्यांतले २७६ तुमच्या नजरेखालून जातात, ४५ तुमचे होतात आणि शेवटी ४० पत्त्यांच्या कॅटमध्ये जेमतेम २३ निवडक पत्त्यांना जागा मिळते. उरलेल्या १७ जागा ‘लँड’च्या. लँड म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ‘मॅना’ पुरवणारे पत्ते. मॅनाला आणि पत्त्यांना रंग असतात, म्हणून कॅट मोजक्याच रंगांचा ठेवावा लागतो. एका निवडीला मिनिटभरही मिळत नाही आणि स्पर्धेत तोंडातून शब्द काढायचा नसतो.

मग निवडायचं कसं? मोजमाप सुरू होतं ते ‘ग्रिझली बेअर्स’पासून. पहिल्या संचातलं हे साधंसुधं अस्वल: किंमत दोन मॅना, दोनचा मार देतं, दोनचा मार खाऊन मरतं. दोन मॅनात याहून जास्त मिळालं तर सौदा बरा, कमी मिळालं तर वाईट. ‘लाइटनिंग बोल्ट’ एका मॅनात तीनचा मार देतो, म्हणजे समोरच्याने तीन-चार मॅना खर्चून आणलेला प्राणी तुम्ही एका मॅनात उडवू शकता. इतका हिशेब नवख्यालाही तासाभरात जमतो. नंतर अनुभवी खेळाडू एक क्रम शिकवतात: आधी एकट्याने डाव फिरवणारे ‘बॉम्ब’, मग प्रतिस्पर्ध्याचे प्राणी संपवणारे ‘रिमूव्हल’, मग अडवायला कठीण असे उडणारे वगैरे प्राणी. हा क्रम उपयोगाचा आहे, पण खरी गंमत तो अपुरा पडतो तिथे आहे.

२००९ सालच्या ‘झेंडिकार’ संचातला ‘स्कॅल्डिंग टार्न’ घ्या. हा एक लँड आहे. तो टाकून द्यायचा, एक आयुष्यगुण (हे संपले की हार) गमवायचा आणि कॅटमधून दुसरा लँड शोधून मांडायचा. बाजारात तो हजारो रुपयांना विकला गेला, कारण घरून कॅट बांधून आणणाऱ्यांना तो हवाच असतो. ड्राफ्टमध्ये मात्र बहुतेक कॅटना त्याचं फारसं कौतुक नसतं; लँड देऊन लँड घेतला, एवढाच व्यवहार. आता त्याच संचातला ‘प्लेटेड जिओपीड’ बघा. हा दोन मॅनाचा छोटा किडा सहज सापडणाऱ्या, किरकोळ किमतीच्या पत्त्यांपैकी. मूळ ताकद एक, पण तुमचा लँड टेबलावर आला की त्या खेळीपुरती त्याची ताकद दोनने वाढते, शिवाय तो प्रतिस्पर्ध्याच्या आधी वार करतो. टार्न आला तेव्हा एक वाढ, टार्नने शोधलेला लँड आला तेव्हा दुसरी. तिसऱ्याच खेळीला टेबलावर पाचच्या ताकदीचा किडा धावून येतो! त्या क्षणी ताकद टार्नची की किड्याची? माझ्या मते दोघांपैकी कुणाचीच नाही, ती दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

आणि ती वेळेतही आहे. ‘लिमिटेड रिसोर्सेस’ या पॉडकास्टमधून रूढ झालेली एक पद्धत मला फार आवडते. पत्ता हातात आला की त्याला चार प्रसंगांत उभं करून बघायचं: डावाची सुरुवात, दोन्ही बाजू तुल्यबळ, तुम्ही पुढे, तुम्ही मागे. ‘लाव्हा अ‍ॅक्स’ पाच मॅनात प्रतिस्पर्ध्याला थेट पाचचा मार देतो. त्याचे २० आयुष्यगुण घसरून पाचवर आलेले असतील तर याहून गोड पत्ता नाही. पण समोर तीन प्राणी तुमच्यावर चालून येत असतील तर ही कुऱ्हाड त्यांतल्या एकालाही लागत नाही. आक्रमक कॅटमध्ये ती शोभते, बचावाच्या कॅटमध्ये नुसती हातात पडून राहते. छापील मजकूर मात्र दोन्हीकडे तोच.

यात उरलेले सात जणही आले. २०११ सालच्या ‘इनिस्ट्राड’ संचाचा ड्राफ्ट आजही लोक प्रेमाने आठवतात, त्यामागे ‘स्पायडर स्पॉनिंग’ या पत्त्याचा मोठा वाटा आहे. खर्च झालेल्या पत्त्यांच्या ढिगात तुमचे जितके प्राणी, तितके कोळी तो टेबलावर उभे करतो, आणि ढिगात गेल्यावरही एकदा पुन्हा वापरता येतो. प्रथमदर्शनी महागडा आणि संथ. पण कुणीतरी आपलाच कॅट मुद्दाम ढिगात ओतू लागलं. त्यासाठी लागणारे निळे पत्ते आणि ढिगातल्या दर प्राण्यामागे दोन आयुष्यगुण देणारा ‘नॉ टू द बोन’ बाकीच्यांच्या लेखी कचरा होते, म्हणून ते पाकीट फिरून परत आलं तरी त्यातच असायचे. इतरांना नको असलेल्या पत्त्यांतून असा कॅट उभा राहिला की संपूर्ण टेबल त्याच्यापुढे हतबल व्हायचं. तीन जणांनी एकाच वेळी हाच बेत केला तर मात्र तिघेही उपाशी. म्हणून चांगला ड्राफ्टर हातात येणाऱ्या पत्त्यांइतकेच न आलेलेही वाचतो; सहाव्या निवडीला उत्तम लाल पत्ता शिल्लक असेल तर वरच्या अंगाला बसलेल्यांना बहुधा लाल रंग नको आहे.

या सगळ्याला खणखणीत अपवाद म्हणजे २०१२ सालच्या ‘रिटर्न टू रॅव्हनिका’ संचातला ‘पॅक रॅट’. दोन मॅनाचा उंदीर. तुमचे जितके उंदीर, तितकी प्रत्येकाची ताकद. तीन मॅना भरून हातातला कुठलाही पत्ता टाकून द्या, नवा उंदीर हजर. कुठलाही म्हणजे जास्तीचा लँड, चुकीच्या वेळी आलेली कुऱ्हाड, काहीही. चार प्रसंग, शेजारी, जोडीदार पत्ते, कशाचीच त्याला गरज नाही, कारण तो तुमच्या अख्ख्या कॅटचं रूपांतर स्वतःत करतो. ज्यांनी त्याच्याविरुद्ध हार पाहिली ते आजही त्याचं नाव दचकून घेतात. तरीही साधं गणित विसरून चालत नाही. सात पत्त्यांच्या हाताने सुरुवात करून आणखी सात ओढले की ४०पैकी १४ पत्ते पाहून होतात, म्हणजे तोवर एकुलता एक बॉम्ब हाती येण्याची शक्यता ३५ टक्के. तीनपैकी जवळपास दोन डावांत तो कॅटमध्येच झोपलेला असतो आणि उरलेल्या साध्यासुध्या पत्त्यांनाच लढावं लागतं.

हे सारं नुसत्या नियमांवरून गणिताने काढता येणार नाही का? २०१९ साली अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवून दिलं की मॅजिकचे पत्ते विशिष्ट रीतीने मांडले तर त्यांतून ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचं गणिती प्रारूप, उभं राहतं. म्हणजे असे डाव रचता येतात, ज्यांत कोण जिंकणार हे सांगणारी सर्वसाधारण रीत कुठलाही संगणक देऊ शकत नाही. ड्राफ्टमधले डाव इतके विचित्र नसतात हे खरं, पण हातातल्या पत्त्यांच्या पोटात एवढं काही दडलेलं आहे याचा मला दर वेळी नव्याने अचंबा वाटतो.

तेव्हा उरतो पुराव्याचा मार्ग. हा खेळ संगणकावर खेळला जाऊ लागल्यावर ‘सेव्हन्टीन लँड्स’ या संकेतस्थळाने खेळाडूंनी आपणहून दिलेल्या डावांच्या नोंदी गोळा केल्या. नाव कशावरून पडलं ते वर आलंच आहे. अमुक पत्ता हाती आला अशा डावांपैकी किती जिंकले, हा तिथला सर्वांत लाडका आकडा. पण तो आकडाही नीट चाळून घ्यावा लागतो. नोंदी देणारे खेळाडू सरासरीहून सरस असतात, त्यामुळे तिथे ५० टक्के म्हणजे बरोबरी नव्हे, घसरण. एखादा मध्यम पत्ता केवळ बलवान रंगात जन्मला म्हणून चमकतो. कोळ्यांसारखा पत्ता फक्त जाणकारच खेळत असतील तर त्यांचं कौशल्य पत्त्याच्या खात्यावर जमा होतं. मला सर्वांत सुंदर वाटते ती एक फोड: पत्ता सुरुवातीच्या हातात होता तेव्हाचं यश वेगळं आणि नंतर ओढला तेव्हाचं वेगळं. एक मॅनाचा चपळ प्राणी पहिल्या रकान्यात राजा असू शकतो आणि दुसऱ्यात भिकारी. चार प्रसंगांची ती जुनी कल्पना इथे आकड्यांत उतरते.

पत्ता सरासरी कितव्या निवडीपर्यंत पाकिटात दिसत राहतो, हेही तिथे कळतं. जिंकून देतो पण उशिरापर्यंत कुणी उचलत नाही, असा पत्ता सापडला की ती खाण. मात्र तक्ता सगळ्यांसाठी खुला असतो. काही दिवसांत तो पत्ता लवकर उचलला जाऊ लागतो, एका टेबलावर त्याच रंगाचे चार-पाच जण होतात, प्रत्येकाचा कॅट पातळ होतो आणि त्या पत्त्याचं यश घसरतं. तेवढ्यात सगळ्यांनी सोडलेल्या रंगाचे बरे पत्ते नवव्या निवडीला परत फिरून येऊ लागतात. म्हणून पहिल्या आठवड्याचा तक्ता महिनाभराने वाचणाऱ्याने आकड्याआधी त्याची तारीख बघावी.