पराभवानंतरचे संघटन : शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, १९५२–५७

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर (उत्तर) या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले. राखीव जागेचाही निर्णय सर्व जातींच्या मतदारांच्या हाती असल्यामुळे केवळ स्वपक्षीयांची निष्ठा तेथे पुरेशी नव्हती. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत हाच अनुभव पुन्हा आला. तरीही फेडरेशन विस्कटले नाही. याचे श्रेय केवळ नेत्याच्या प्रभावाला देण्याचा प्रघात आहे. तो अपुरा होय. मतपेटीवर न विसंबणाऱ्या संस्था आधीच उभ्या होत्या : १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, तिचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झालेले ‘जनता’ पत्र. दोन निवडणुकांमधील काळात कार्यकर्त्यास काम व सोबत दोन्ही तेथे लाभत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेने तर अनुयायांना पक्षाहून व्यापक असा समाज दिला. बाबासाहेबांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या साथीने दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी फेडरेशनची जागा रिपब्लिकन पक्षाने घेतली. डिसेंबर १९६४ मध्ये त्याच्या भूमिहीन सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले, तेव्हा कोणतीही सार्वत्रिक निवडणूक तोंडावर नव्हती.