पाण्याखालची विजेरी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड अशी गावे मागे टाकीत सांगलीस येते. तिच्या उथळ, संथ पाण्यात हिवाळ्यात तळीचे गोटे दिसतात. मग पाणबुड्यास विजेरी कशाला हवी? याचे उत्तर मिळविण्यासाठी आपण प्रथम मालवणच्या समुद्रात उतरू.

मालवणजवळ पाठीवर हवेचे नळकांडे बांधून हौशी लोक बुडी घेतात. सूर्यप्रकाशातील सात रंगांपैकी तांबडा रंग पाणी सर्वांआधी गिळून टाकते. सुमारे १० मीटर खोलीवर तांबडे कापड काळपट दिसते. बोट कापले, तर रक्तदेखील हिरवट-काळे भासते! निळा प्रकाश मात्र पुष्कळ खोल जातो. अशा ठिकाणी विजेरी जवळ धरली, की कापडाचा तांबडेपणा क्षणात परत येतो. कारण तिच्या प्रकाशास केवळ हात-दोन हात पाणी ओलांडावे लागते.

ही विजेरी शेतावर नेण्याच्या विजेरीहून निराळी असते. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. म्हणून तिच्या झाकणाच्या खाचेत रबरी कडे बसविलेले असते. त्यावर वाळूचा कण किंवा एखादा केस राहिला, तरी पाणी आत शिरते. यासाठी बुडीपूर्वी कडे पुसून त्यास किंचित वंगण लावतात. विजेरी दोरीने मनगटास अडकवितात आणि रात्री दुसरी जवळ बाळगतात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून झोताने वर्तुळ काढले तर ‘सर्व ठीक’ आणि झोत भराभर आडवा हलविला तर ‘संकट’, असे समजतात. सोबत्याच्या डोळ्यांवर झोत टाकीत नाहीत. हा शिष्टाचार आपल्या रस्त्यांवरही आला तर बरे!

आता पुन्हा कृष्णाकाठी येऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पुराची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा पुराच्या पाण्यात मातीचे असंख्य कण तरंगत असतात. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात दाट धुके पडले, की मोटारीचा प्रखर दिवा पुढचा रस्ता दाखविण्याऐवजी पांढरी भिंतच उभी करतो. गढूळ पाण्यात विजेरीचेही तसेच होते. प्रकाश कणांवर आदळून पाणबुड्याच्याच डोळ्यांत परततो. विजेरी डोळ्यांपासून दूर, बाजूस धरली तर थोडा उपयोग होतो. पण पाणी फारच गढूळ असेल, तर तीही हरते.

अशा वेळी बुडालेल्या माणसाचा शोध हातांनीच घ्यावा लागतो. पाणबुड्या कमरेस दोरी बांधून तळ चाचपीत सरकतो. दोरीचे दुसरे टोक काठावरच्या किंवा नावेतील सोबत्याच्या हाती असते. किती हिसके म्हणजे ‘सापडले’ आणि किती म्हणजे ‘मला वर ओढा’, हे दोघांनी आधीच ठरविलेले असते. आणि पाणबुड्या वर येईपर्यंत तो सोबती हातातील दोरी क्षणभरही सैल सोडीत नाही.