नौदलाचे विमानदल : प्रहार आणि टेहळणी

नौदलास स्वतंत्र विमानदल कशासाठी लागते, या प्रश्नाचे उत्तर भारतात टप्प्याटप्प्याने मिळत गेले. ११ मे १९५३ रोजी कोचीन येथे ‘गरुड’ हा नौदलाचा पहिला विमानतळ सिद्ध झाला. तेथील ‘सीलँड’ विमानांचे कार्य प्रामुख्याने ताफ्याच्या सरावास साहाय्य करण्याचे होते. १९६१ मध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दाखल झाली आणि या साहाय्यक शाखेस प्रहारशक्ती लाभली. ब्रिटिश बनावटीचे ‘सी हॉक’ हे हल्ल्याचे, तर फ्रेंच ‘अलिझे’ हे पाणबुडीशोधाचे विमान होते. गोवामुक्तीनंतर, १९६४ मध्ये, दाबोळी हा त्यांचा किनाऱ्यावरील तळ झाला. डिसेंबर १९७१ मध्ये या विमानांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले चढविले.

तथापि किनाऱ्यावरून दूरवरच्या सागरी टेहळणीचे कार्य १९७६ पर्यंत वायुदलाकडेच होते. त्या वर्षी ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमानांसह ते नौदलाकडे आले. समुद्रावरील लक्ष्य भूमीवरील तळाप्रमाणे स्थिर नसते; शोध आणि प्रहार यांत विलंब झाला, की मिळालेली माहिती निरुपयोगी ठरते. म्हणून ही दोन्ही कार्ये एकाच सेनापतित्वाखाली असणे इष्ट होय. नौदलीय विमानदलाच्या स्वतंत्र अस्तित्वाचे खरे समर्थन यातच आहे.